आधी बारगीर, मग शिलेदार

‘बछेराच घ्या दादा, पोरांबरोबर वाढेल.’ सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एखादं कुटुंब मुलांना घेऊन फिरताना दिसलं, की व्यापाऱ्याच्या तोंडी हे वाक्य येतं. ऐकणाऱ्या बापाच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहतं: आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा बछेरा, दोघं एकमेकांच्या संगतीनं मोठी होताहेत. भावही आवाक्यातला असतो. बसायला तयार असलेल्या, शांत घोड्याच्या मानानं कच्चा बछेरा बराच कमी पैशांत मिळतो. रुमालाखाली बोटं दाबली जातात, इसाराची रक्कम हातावर पडते आणि घरी घोडा येतो.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत हा बाजार. नांदेडकडे लोह्याजवळ माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडी येतात, अकलूजलाही बाजार भरतो. वरातीसाठी, टांग्यासाठी, शौकासाठी घोडा घेणारं गिऱ्हाईक या बाजारांना जुनं आहे. घरातल्या मुलांसाठी घोडा घेणारं कुटुंब हे तुलनेनं नवं गिऱ्हाईक. माथेरानला किंवा महाबळेश्वरला मूल पहिल्यांदा घोड्यावर बसतं, घरी येऊन हट्ट धरतं, गावाकडे दोन एकर जागा असते, आणि बोलणी सुरू होतात. अशा कुटुंबानं लहान, न शिकवलेला घोडा घ्यावा का, आणि घेतला तर तो खरोखर स्वस्त पडतो का? माझं मत आधीच सांगते: पडत नाही. वाचलेले पैसे पुढे ढकललेले असतात, आणि ते फेडण्याची वेळ येते तेव्हा पैशांखेरीज आणखीही बरंच काही द्यावं लागतं.

मुळात ही चूक आपल्याकडे इतकी सहज का होते, याचा मी बराच विचार केला आहे. आपली जनावराची पारख बैलावर घडलेली आहे. बैल घेताना शेतकरी दात बघतो: आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला. जितका लहान तितकी कामाची वर्षं जास्त, म्हणून पैसे वसूल. जुळलेल्या बैलाचा भाव पुढे उतरतच जातो. हा हिशेब बैलापुरता रास्त आहे. पण घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, सांभाळला तर तिशीही गाठतो. त्याचं तोंड पुरं व्हायलाच पाच वर्षं लागतात: खालचे-वरचे मधले दुधाचे दात अडीचाव्या वर्षी पडतात, त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला, कडेची साडेचारला. आठ वर्षांचा घोडा म्हातारा नव्हे, ऐन उमेदीतला आहे. बारा-तेरा वर्षांची, रस्ते, नदी, कुत्री, ट्रॅक्टर, लेकरं सगळं पाहून झालेली घोडी ही घरासाठी मिळू शकणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट. बाजारात मात्र तिला ‘वय झालेली’ म्हणून बाजूला बांधलेलं असतं, आणि बैलाच्या हिशेबानं विचार करणारं कुटुंब तिच्या पुढून निघून जातं.

आता पैशांकडे येऊ. भाव जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, म्हणून हे आकडे मानलेले आहेत असं समजा आणि त्यांच्या जागी आपल्या गावचे घाला. दोन वर्षांचा बछेरा ७० हजारांना मिळाला. आठ-दहा वर्षांचा, मुलांना सरावलेला घोडा दीड लाखाला होता. वाचले ८० हजार. दोन वर्षांच्या बछेऱ्याला दिवसाला सात किलो सुका चारा आणि दीड किलो चंदी, म्हणजे दाणा, धरली, चारा किलोला १० रुपये आणि चंदी ३५ रुपये, तर वर्षाला चाऱ्याचे साधारण साडेपंचवीस हजार आणि चंदीचे एकोणीस हजार होतात. दोन वर्षांत जवळजवळ ९० हजार. चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पाठीवर कुणाला रीतसर बसवायचं नाही, म्हणजे पहिली रपेट व्हायच्या आतच वाचलेले पैसे खाऊन झाले. शहाणा घोडाही या दोन वर्षांत खाईलच, पण तो पहिल्या आठवड्यापासून मुलीला पाठीवर घेऊन फिरत असेल. या हिशेबात घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार नाही, औषधं नाहीत, दर सहा ते आठ आठवड्यांनी येणारा नालबंद नाही. नाल न ठोकताही बछेऱ्याचे खूर तासावे लागतात. वाढत्या वयात खूर वाकडा वाढला तर पायच वाकडा बसतो. आणि सगळ्यांत मोठा खर्च तर अजून आलेलाच नाही: चाबुकस्वाराचा.

चाबुकस्वार हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. घोडा शिकवणारा, फेरणारा माणूस. चांगला चाबुकस्वार आज शोधून सापडत नाही, आणि जो सापडतो त्याला पोटापुरतं दिलं पाहिजे. पहिले तीन-चार महिने रोज, आणि त्यानंतर वर्षभर तरी आठवड्यातले बहुतेक दिवस कुणा जाणत्यानं त्या घोड्यावर बसायला हवं. कच्चा घोडा शिकतो तो दाब आणि सुटका यांतून. लगाम किंचित ओढला, तो थांबला, त्याच क्षणी लगाम सैल झाला, की त्याला कळतं, बरोबर केलं. सुटका अर्धा-एक सेकंद उशिरा झाली तरी तो भलतंच शिकतो. मूल पाठीवर तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळतं; घोड्याला तोंडात दुखतं, तो डोकं झटकतो, मूल घाबरून आणखी घट्ट धरतं. नुकतं शिकणारं मूल आणि नुकता शिकणारा घोडा एकत्र आले, की दोघांना शिकवणारं तिथं कुणीच उरत नाही. ‘पोरांबरोबर वाढेल’ या वाक्यातली खोच इथं आहे. तो वाढतो खरा. शिकतात मात्र दोघंही भीतीच.

इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. बछेरा मालकानं स्वतः शिकवत बसू नये, असं तो सांगतो. मुलाला हुन्नर शिकायला कारागिराकडे ठेवतात तसा त्याला जाणत्याकडे ठेवावा, आणि परत येईल तेव्हा त्याला काय काय यायला हवं हे आधीच लिहून घ्यावं. तेवीस-चोवीस शतकं उलटली तरी एवढा साधा कागद आपण करत नाही. ‘घोडा शिकवून देतो’ एवढ्या बोलीवर पैसे दिले जातात.

आणि ‘शिकवलेला’ म्हणजे काय, यातही बाजाराचं आणि घराचं गणित उलटं आहे. बाजारात शिकवलेला घोडा म्हणजे ढोल वाजला की नाचणारा, इशारा मिळताच मागच्या दोन पायांवर उभा राहणारा, नाहीतर भरधाव रेवाल टाकणारा. वरातीला हे गुण लागतात आणि त्यांवर बोलीही चढते. पण ज्या घोड्याला ढोल ऐकून पुढचे पाय उचलायला शिकवलंय, त्याच्यावर गणेशोत्सवात आपली मुलगी बसली असेल तर काय होईल? घरच्या घोड्याला वेगळंच यावं लागतं. पाय मागितला की द्यावा. चढताना दगडासारखं उभं राहावं. दुसरा घोडा पुढे निघून गेला तरी बिथरू नये. प्लास्टिकची पिशवी उडाली तर एकदा बघावं आणि पुन्हा चालू लागावं. हे गुण दिसायला काहीच नाहीत. त्यांच्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि ते दोन वर्षांच्या बछेऱ्यात असूच शकत नाहीत, कारण ते अनुभवानं येतात.

अंगावरच्या खुणांचंही असंच. मानेवरचा लांब भोवरा म्हणजे देवमन, शुभ. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ, तो नको. चार पाय आणि तोंडावर पांढरं असेल तर पंचकल्याणी. ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिच्यात घोड्याकडे बारकाईनं बघण्याची एक शिस्तही आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण भोवऱ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजणारं कुटुंब पशुवैद्याच्या तपासणीसाठी थांबत नाही, तेव्हा जीव तुटतो. रक्ताची तपासणी तर टाळूच नये: ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, आणि लागण पक्की ठरलेला घोडा कायद्यानुसार मारावा लागतो.

बाजारातल्या शांतपणाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घेणाऱ्यानं मनात ठेवावी. राजस्थान किंवा पंजाबातून दोन-तीन दिवस ट्रकमध्ये उभा राहून आलेला, पाणी कमी प्यायलेला, परक्या गर्दीत बांधलेला बछेरा शांतच दिसतो. तो थकलेला असतो. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं असाच एक कुमैत बछेरा आणला. पहिले दहा दिवस मुलं त्याच्या पोटाखालून पलीकडे जात होती, आणि आई-वडील कौतुकानं फोटो काढत होते. मग पोटभर चारा, वर दोन वेळा चंदी, काम काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात तोबरा काढायला गेलेल्या थोरल्या मुलाच्या मांडीवर लाथ बसली. हाड मोडलं नाही, पण तो मुलगा पुन्हा तबेल्यात गेला नाही. त्या बछेऱ्याचा यात दोष नव्हता. त्याच्या अंगात पहिल्यांदा ताकद आली होती आणि ती कुठं वापरायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शरीराचा प्रश्न याहून नाजूक. घोड्याची हाडं खालून वर अशी पक्की होत जातात. खुराजवळची लवकर, गुडघ्यावरची त्यानंतर, आणि पाठीच्या कण्याची वाढ सगळ्यांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या सुमारास पुरी होते. म्हणजे माणूस जिथं बसतो तोच भाग सर्वांत उशिरा तयार होतो. लहानपणी मोकळं हिंडणं, पळणं त्याच्या हाडांना चांगलंच. पाठीवरचं ओझं ही निराळी गोष्ट. अडीच वर्षांच्या बछेऱ्यावर ‘पोरगं हलकं आहे, काय होतंय’ म्हणून बसवतात. मग पोरगं हलकं म्हणून बसलं, पाठोपाठ काका बसतात.

दातांचं कुणी बोलतच नाही. अडीच ते साडेचार या वर्षांत, नेमकं लगाम घालायला शिकवायच्या काळात, दुधाचे दात पडून कायमचे येत असतात. पुढच्या दातांसारखंच दाढांचंही. कधी पडायला आलेली दुधाची दाढ अर्धवट अडकून राहते, कधी दाढांच्या पुढे बारीकसा सुळ्यासारखा दात लोखंडाला लागतो. घोडा डोकं वर फेकतो, एका बाजूला वळत नाही, तोंड उघडून पळतो. घरची माणसं म्हणतात, नाठाळ आहे. त्याला जास्त कडक लगाम आणला जातो. घोड्याचे दात तपासू शकणारा पशुवैद्य मुंबई-पुण्याबाहेर विरळा, त्यामुळे हे दुखणं वर्षानुवर्षं स्वभाव म्हणून खपतं. कच्चा घोडा घेण्याचा हा असा खर्च आहे, जो वहीत कुठंच लिहिला जात नाही.

चाऱ्यातही गफलत होते. ज्या घरी दुभती जनावरं आहेत तिथं हत्तीगवत असतं, गव्हाचा कोंडा असतो, आणि तेच घोड्यापुढे टाकलं जातं. गाई-म्हशींना चालणाऱ्या या गवतातलं ऑक्झॅलेट घोड्याच्या आतड्यात कॅल्शियम अडवून धरतं; कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. दोन्ही मिळून महिनोन्‌महिने चाललं, तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेऊ लागतं, जबड्याची हाडं सुजतात, घोडा लंगडतो. वाढत्या बछेऱ्याला हे सर्वांत आधी भोवतं. लग्नाकार्यातले लाडू, शिळ्या पोळ्यांचा ढीग, भिजवलेला हरभरा एकदम भरपूर, यांनी होणारा पोटशूळ आणखी तातडीचा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात अडकलं की काही तासांत जीव जाऊ शकतो.

घेणाऱ्याच्या मनात सहसा नसलेल्या आणखी दोन गोष्टी. बछेरा नर असेल तर दोन वर्षांचा होईपर्यंतच तो वयात आलेला असतो. आपल्याकडे घोडा खच्ची करायला लोक नाखूश असतात. त्यात त्याचा अपमान आहे असं वाटतं, भावही उतरतो. पण मुलांसाठी घोडा हवा असेल तर खच्ची घोडा किंवा घोडी, तिसरा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. दुसरी गोष्ट एकटेपणाची. घोडा कळपात जगणारा प्राणी. एकटा बांधलेला बछेरा लाकूड चावतो, जागच्या जागी डुलत राहतो, माणूस दिसला की अंगावर येतो. त्याला निदान एक सोबती हवा, आणि शक्यतो तो थोराड घोडा असावा, कारण लहान घोड्याला मर्यादा शिकवण्याचं काम माणसापेक्षा म्हातारी घोडी कितीतरी चांगलं करते. म्हणजे एक स्वस्त बछेरा घेऊन भागत नाहीच.

मग बछेरा कुणी घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात एक समाज पिढ्यान्‌पिढ्या अगदी खऱ्या अर्थानं घरचा घोडा वाढवत आला आहे. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाच्या आत परतणाऱ्या मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी ती ठेंगणी, काटक घोडी पाहा. पाठीवर भांडीकुंडी, अंथरुणं, चालता न येणारी कोकरं, खुराड्यातल्या कोंबड्या, कधी वर बसवलेलं लेकरू. भीमथडीच्या या घोड्याची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिचं शिंगरू आईच्या कुशीला लागून हमरस्ता ओलांडतं, ट्रकचे कर्णे ऐकतं, नदीत उतरतं, कुत्र्यांच्या आणि पोरांच्या गराड्यात झोपतं. तीन वर्षांचं होईस्तोवर त्यानं जे पाहिलेलं असतं, ते शेतघराच्या कुंपणात वाढलेला बछेरा दहा वर्षांतही पाहत नाही. तिथं ‘पोरांबरोबर वाढेल’ हे वाक्य खरं आहे. कारण तिथं आई आहे, कळप आहे, रोजचं चालणं आहे, आणि जन्मभर घोडी सांभाळलेली माणसं आहेत. हे सगळं मोफत दिसतं. तेवढं विकत घ्यायला गेलं तर कुठलंही कुटुंब दमेल. ज्या घरी असं काही आहे, निदान एक जाणतं माणूस आणि एक थोराड घोडी आहे, त्यांनी बछेरा जरूर घ्यावा.

शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हा दुसरा मोह. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतले घोडे चार-पाच-सहा वर्षांचे असताना बाहेर पडतात, देखणे असतात, कधी नाममात्र पैशांत मिळतात. माणूस पाठीवर घेण्याची त्यांना सवय असते, म्हणून ते शिकलेले वाटतात. पण त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे: लगाम ताणला की जोर धरून पळायचं. घाबरलेलं मूल नेमकं तेच करतं. जाणत्या हातांत हे घोडे पुन्हा फार सुंदर शिकतात. पहिला घरचा घोडा म्हणून ते बछेऱ्याइतकेच कच्चे.

शिवकालीन लष्करात घोडेस्वार दोन प्रकारचे असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. पागेची व्यवस्था बघण्यासारखी आहे: पंचवीस बारगीरांमागे एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी नि एक नालबंद. पाणी आणि खूर यांची जबाबदारी नेमून दिल्याखेरीज घोडदळ चालत नाही, हे त्या राज्याला माहीत होतं. आज एका घोड्याच्या घरी पखालजी, नालबंद, मोतद्दार, चाबुकस्वार सगळं घरच्याच एक-दोन माणसांना व्हावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की कुटुंबानं निदान दोन वर्षं बारगीर राहावं. कुणाच्या तरी पागेत महिन्याचे पैसे भरून आठवड्यातून तीन दिवस जावं. मुलांनी फक्त बसू नये. खरारा करावा, लीद उचलावी, खूर साफ करावेत, दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी बादलीनं वाहावं. उन्हाळ्याच्या सुट्टीतही आणि परीक्षेच्या आठवड्यातही. त्यानंतरही ओढ टिकली, तर शहाणा घोडा काही महिने वाट्यानं घ्यावा: निम्मा खर्च तुमचा, निम्मे दिवस तुमचे.

आणि शेवटी विकत घ्यायला निघालात, तर बाजारात एका फेरीत सौदा करू नका. घोडा जिथं राहतो तिथं जा, न कळवता, सकाळी लवकर. तो बांधलेला असताना, खात असताना, पकडला जाताना बघा. आधी मालकाला बसायला सांगा. मालक बसायला का कू करत असेल तर तिथूनच परत या. पंधरा दिवस चाचणीला द्याल का, विचारा, आणि त्या पंधरा दिवसांत त्याला पोटभर खायला घाला.

बिघडलेल्या बछेऱ्याचं पुढे काय होतं, हेही सांगायला हवं. चावतो, उधळतो म्हणून दोन वर्षांनी तो निम्म्या भावात व्यापाऱ्याकडे जातो. व्यापाऱ्याकडून वरातीच्या धंद्यात, डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत, कडक लोखंड तोंडात घालून. तिथंही टिकला नाही तर ओझ्याच्या कामाला. त्याच बाजारात, त्याच ओळीत ‘वय झालेली’ म्हणून बांधलेली ती तेरा वर्षांची घोडी, जिच्या पुढून तुम्ही निघून गेलात, तिनं तुमच्या मुलीला आणखी दहा वर्षं पाठीवरून नेलं असतं.